जिल्हा पुणे, मुक्काम पुणे

मांडवगण फराट्याहून पुणे सत्तर-ऐंशी किलोमीटर. ऐकायला काहीच नाही. पण न्हावरा, तळेगाव ढमढेरे, शिक्रापूर करत नगर रोडला लागलं की वाघोलीत गाडी किती वेळ अडकेल, हे ड्रायव्हरही छातीठोकपणे सांगत नाही. नदी ओलांडून दौंड तालुक्यात उतरलं तर चौफुल्याला सोलापूर हायवे आहे, केडगावला स्टेशन आहे. पण पहाटे तिथवर जायला वाहन मिळायला हवं. म्हणून कोर्टात अकराला पुकारा असला, परीक्षेचं रिपोर्टिंग साडेसातचं असलं किंवा ससूनमध्ये केसपेपरच्या रांगेत लवकर उभं राहायचं असलं, की आदल्या रात्रीच पुणं गाठावं लागतं.

परतीचंही तेच. काम संध्याकाळी सहाला संपलं आणि कशीबशी शेवटची गाडी धरली, तरी फाट्यावर उतरून उसाच्या कडेने वस्तीवर जायचं असतं. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्या तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबुत भागात बिबट्याने तीन जीव घेतले. त्याच्या आदल्या वर्षी आपल्याच मांडवगणच्या शिवारात एका लहानग्याचा जीव गेला. दिवेलागणीनंतर वस्तीवरची माणसं अंगणातसुद्धा बॅटरी घेऊन निघतात, तिथे रात्री साडेदहाला एकट्याने पायी जायचं कशासाठी? तर लॉजचे हजार रुपये वाचावेत म्हणून.

ते हजार रुपये खर्च करा, एवढंच सांगायला हे लिहितोय. पण नीट खर्च करा.

आपल्याकडच्या माणसाला लॉजवर राहायचं म्हटलं की आधी संकोच होतो. 'लॉजवर राहिलो' हे वाक्य गावात जरा दबक्या आवाजातच बोललं जातं, आणि ऐकणाराही डोळे मिचकावतो. दुसरी अडचण पाहुण्यांची. पूर्वी प्रत्येकाचं कोणीतरी पुण्यात असायचं. कोणी पोलीस लाइनीत, कोणी मार्केट यार्डात हमाल, कोणी पेठेतल्या वाड्यात दोन खोल्यांत बिऱ्हाड करून. तिथे पथारी टाकली की झालं, कोणी विचारायचं नाही. आता तेच पाहुणे हडपसर-वाघोलीच्या वन बीएचकेमध्ये राहतात. नवरा-बायको दोघं कामाला, पोराची बारावी, घरात एकच संडास. तुम्ही गेलात तर हसून दार उघडतील, जेवायला घालतील, पण हॉलमध्ये अभ्यासाला बसणारं पोर त्या रात्री कुठे बसेल याचा विचार आपणच करायला हवा. पाहुण्यांना फोन जरूर करा, जेवायलाही जा. झोपायला मात्र आपली खोली घ्या. रागावले तर चार दिवस रागावतील.

तिसरा मार्ग काहीजण पत्करतात तो स्टँडचा. बाकड्यावर पिशवी उशाला घ्यायची, पहाट होईपर्यंत डुलक्या काढायच्या. बाप्यांचाही त्यात खिसा कापला जातो, मोबाइल जातो. बायकांनी तर हा विचारच करू नये. 25 फेब्रुवारी 2025 ला पहाटे स्वारगेट आगारात फलटणच्या गाडीची वाट पाहणाऱ्या तरुणीवर उभ्या शिवशाहीत अत्याचार झाला, आणि त्यातला आरोपी पोलिसांनी आपल्याच तालुक्यातल्या गुनाटमध्ये शोधून पकडला. उसात ड्रोन फिरवून चाललेला तो शोध इथल्या सगळ्यांनी पाहिलाय. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून आपल्या बायका कामासाठी एकट्या पुण्याला जाऊ लागल्या, ही फार चांगली गोष्ट झाली. तिकिटाचे वाचलेले पैसे रात्रीच्या सुरक्षित खोलीत घालायला घरच्यांनी का-कू करू नये.

आता खरी अडचण, जी पुस्तकात कुठे लिहिलेली नसते. तुम्ही बॅग घेऊन स्टेशनसमोरच्या एखाद्या लॉजच्या जिन्यावरून वर जाता. काउंटरवर मॅनेजर मोबाइलमध्ये. मागच्या फळीवर चाव्या लटकलेल्या, म्हणजे खोल्या रिकाम्या आहेत हे तुम्हाला दिसतंय. तो आधार मागतो. उलटं करून पत्ता वाचतो: मु. पो. मांडवगण फराटा, ता. शिरूर, जि. पुणे. आणि कार्ड परत सरकवतो.

"काका, लोकल आयडी चालत नाही."

"अहो, लोकल कुठलं? ऐंशी किलोमीटरवरून आलोय."

"जिल्हा पुणेच आहे ना. मालकांनी सांगितलंय."

नांदेडचा माणूस खोली घेऊन जातो, सोलापूरचा घेऊन जातो, आणि आपण जिल्ह्याचे रहिवासी म्हणून पायरी उतरतो. बारामती, जुन्नर, भोर, दौंड, इंदापूर, सगळ्यांचं हेच. लॉजवाल्याचा हिशेब असा असतो, की ज्याचं घर याच शहरात आहे त्याला खोली कशाला हवी? दारू प्यायला, भांडणातून पळून यायला, नाहीतर आणखी कशाला तरी. पोलिसांची चौकशी मागे लागेल, त्यापेक्षा नकोच. मुंबईवरचा 26/11 चा हल्ला आणि फेब्रुवारी 2010 चा कोरेगाव पार्कातला जर्मन बेकरीचा स्फोट यांनंतर ओळखपत्र आणि रजिस्टरच्या बाबतीत लॉजवाले जास्तच जपून वागतात, ते समजण्यासारखं आहे. पण स्थानिक पत्त्याच्या माणसाला खोली देऊ नये, असा कायदा नाही. ही लॉजवाल्यांनी आपल्या सोयीसाठी पाडलेली प्रथा आहे. तालुका आणि जिल्हा यातला फरक काउंटरवर बसलेल्या पोराला कोणी समजावून सांगितलेला नसतो, एवढीच गोष्ट. पिनकोड दाखवून पाहा: शहराचा 411 ने सुरू होतो, आपला 412 ने. वाघोली-फुरसुंगीही 412 मध्येच मोडतात, तेव्हा याने प्रत्येक वेळी काम होईल असं नाही. पण शांतपणे दाखवलं तर निम्मे मॅनेजर ऐकतात.

सोबत कामाचा कागद ठेवा. कोर्टाची तारीख, हॉल तिकीट, दवाखान्याची चिठ्ठी, मुलाखतीचं पत्र, जे असेल ते. दाखवायची सक्ती नाही, पण तो कागद पाहिला की समोरच्याचा चेहरा सैल पडतो. कारण दुसरी भीतीही त्याच्या मनात असते आणि ती तो बोलून दाखवत नाही. एकटा माणूस, सामान थोडं, चेहरा उतरलेला, 'एकच रात्र' म्हणतोय. खोलीत जाऊन याने जिवाचं काही बरंवाईट केलं तर? म्हणून कित्येक लॉज एकट्याला खोली देत नाहीत. अपमान वाटून घेऊ नका. कशासाठी आलोय, उद्या किती वाजता निघणार, घरी कोणाला फोन करता येईल, हे आपणहून सांगितलं की गाठ सुटते. आणि कर्जाच्या, घरातल्या भांडणाच्या ओझ्याने खरोखरच मन खचलेलं असेल, तर त्या रात्री मात्र लॉज नको. पाहुण्याची वन बीएचकेच बरी. सरकारची 14416 ही टेलिमानस हेल्पलाइन चोवीस तास आहे, मराठीत बोलतात.

हे सगळं काउंटरवर उभं राहून करण्यापेक्षा घरून निघण्याआधी फोनवर करावं. ॲपवर फोटो पाहा, लोकांनी काय लिहिलंय ते वाचा. त्यातही चांगले शेरे सोडून द्या, वाईट शेरे वाचा. पाणी नव्हतं, ढेकूण होते, पैसे परत दिले नाहीत, अशी तीच तक्रार तीन जणांनी केली असेल तर ती खरी. पण पहिल्याच वेळी ॲपवर पैसे भरून मोकळे होऊ नका. ऐनवेळी काउंटरवर 'तुमचं बुकिंग आमच्याकडे आलंच नाही' किंवा 'या ॲपचं आम्ही बंद केलंय' असं ऐकावं लागतं, आणि रात्री दहाला परताव्यासाठी कोणाशी भांडणार? आधी लॉजवर सरळ फोन लावा. एकटा आहे किंवा एकटी आहे, आधारवर जिल्हा पुणे आहे, अमुक तारखेला एवढ्या वाजता पोचेन, खोली मिळेल का, हे आधी विचारा. मग टॅक्स धरून भाडं किती, डिपॉझिट किती आणि ते कधी परत देणार, गरम पाणी किती ते किती, बाथरूम अटॅच की कॉमन. ज्याने उत्तर दिलं त्याचं नाव विचारून ठेवा. काउंटरवर 'सकाळी फोनवर अमक्यांशी बोललोय' म्हटलं की बोलणं वेगळ्या पायरीवरून सुरू होतं.

चेक-आउटचं विचारायला तर विसरूच नका. काही लॉज चोवीस तासांच्या हिशेबाने चालतात: रात्री नऊला आलात तर दुसऱ्या दिवशी रात्री नऊपर्यंत खोली तुमची. काही ठिकाणी दुपारी बाराला, कुठे सकाळी दहाला खोली सोडावी लागते, मग तुम्ही पहाटे दोनला का आलेले असाना. कोर्टाची तारीख असणाऱ्याला चोवीस तासांचं लॉज सोयीचं, सामान खोलीत ठेवून जाता येतं. बाराच्या हिशेबाचं असेल तर बॅग काउंटरमागे ठेवू देतील का ते विचारा. बहुतेक ठेवू देतात.

फोन नंबर कुठून घेताय तेही पाहा. नकाशावर किंवा शोधल्यावर येणाऱ्या पानावर भलत्याचाच नंबर चिकटवलेला असतो. तो गोड बोलतो, क्यूआर पाठवतो, 'ॲडव्हान्स टाका, नाहीतर रूम जाईल' म्हणतो, आणि तिथे गेल्यावर लॉजला तुमचा पत्ताच नसतो. शिर्डी-पंढरपूरच्या भक्तनिवासांच्या नावानेही असे उद्योग चालतात. अनोळखी ठिकाणी सगळे पैसे आगाऊ टाकू नका, आणि फसलातच तर ताबडतोब 1930 ला फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी तक्रार गेली तर ते अडवता येतात.

भागाबद्दल माझं मत विचाराल तर मेट्रोच्या आसपास राहा. वनाझ ते रामवाडी मार्गावर पुणे रेल्वे स्टेशन आहे. पिंपरी-चिंचवडहून येणारी गाडी सप्टेंबर 2024 पासून स्वारगेटपर्यंत जाते. दोन्ही मार्ग शिवाजीनगरला जिल्हा न्यायालयापाशी एकमेकांना मिळतात. कोर्टाचं काम असेल तर स्टेशनजवळ राहिलात काय नि स्वारगेटला राहिलात काय, सकाळी रिक्षावाल्याशी घासाघीस न करता पोचता. ससून तर स्टेशनपासून चालत आहे. नगर रोडने एसटीने येणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की शिवाजीनगरचं एसटी स्टँड 2019 च्या शेवटी मेट्रोच्या कामासाठी वाकडेवाडीला हललं. तिथून रात्री लॉज शोधत हिंडण्यापेक्षा नाव-पत्ता आधी ठरवून ठेवा. स्टँडबाहेर 'साहेब, रूम?' म्हणत मागे येणाऱ्या माणसाचं आणि कित्येक रिक्षावाल्यांचं लॉजशी कमिशन ठरलेलं असतं, आणि ते तुमच्याच भाड्यातून जातं. 'तो लॉज बंद झाला, त्यापेक्षा चांगला दाखवतो' असं कोणी म्हणालं तर रिक्षात बसूनच त्या लॉजला फोन लावा.

रेल्वेने पुढे लांब जायचं असेल, तर स्टेशनवरच्या रिटायरिंग रूमचा आणि डॉर्मेटरीचा विचार करा. लॉजपेक्षा स्वस्त पडतं, जागा सुरक्षित असते. मात्र ऑनलाइन बुकिंगला कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाचा पीएनआर लागतो. केडगावहून डेमूचं साधं तिकीट काढून आलेल्याला त्याचा उपयोग नाही.

आणखी एक सांगतो, कारण दरवर्षी कोणाचं तरी पोर अडकतं. अठरा पूर्ण नसलेल्या मुलाला एकट्याला लॉज खोली देत नाही. नीटला, सीईटीला बसणारी आपल्या वाघेश्वर विद्यालयातली नि इकडच्या गावांतली कित्येक पोरं सतरा वर्षांची असतात. सोबत बाप, चुलता, मामा, कोणीतरी मोठं हवंच. मे महिन्याच्या त्या दोन-चार दिवसांत परीक्षा केंद्राजवळच्या लॉजचे भावही चढतात. पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात तेव्हा आणि गणपतीत तर विचारूच नका. आणि 1 जानेवारीला पेरणे फाट्याच्या गर्दीमुळे नगर रोडची वाहतूक वळवलेली असते. त्या दिवशी काम असेल तर 31 तारखेला दुपारीच पुण्यात जा, किंवा नदीपलीकडून सोलापूर रोडने जा.

आधारचं थोडं. लॉजवाल्याला ओळखपत्र हवं, आधारच हवं असं नाही. मतदार कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स चालतं. आधारच द्यायचं तर यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून 'मास्क्ड आधार' काढून घ्या. त्यात नंबरचे शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्स दिली तर तिच्यावर आडवं लिहा: 'फक्त लॉज मुक्कामासाठी', तारीख, सही. काउंटरवरच्या पोराने स्वतःच्या मोबाइलमध्ये फोटो काढायला सुरुवात केली, तर थांबवा आणि लॉजच्या रजिस्टरला झेरॉक्स लावायला सांगा. मूळ कार्ड रात्रभर त्याच्याकडे ठेवायचं नाही. रजिस्टरमध्ये स्वतःच्या हाताने लिहा. यायची वेळ नीट टाका, कारण चेक-आउटचा वाद तिथेच मिटतो.

पैसे देण्याआधी खोली पाहायला मागा. इथे आपला माणूस फार लाजतो. बैल घेताना दात मोजणारा माणूस खोली न बघता पैसे मोजतो! रूमबॉयबरोबर वर जा. आधी दार आतून लावून पाहा: कडी बसते का, की नुसतीच लोंबकळते. जुन्या लॉजमध्ये बाहेरून कडी-कोयंडा असतो, तिथे आपलं स्वतःचं छोटं कुलूप लावता येतं. पिशवीत एक ठेवा. खिडकी उघडते का ते पाहा. मग गादीचा उशीकडचा कोपरा उचला आणि मोबाइलची बॅटरी शिवणीवर मारा. काळे बारीक ठिपके दिसले, पेनाने टोचल्यासारखे, की ढेकूण आहेत. पलंगाच्या फळीच्या सांध्यातही बघा. दुसरी खोली मागा, आणि ती शेजारचीच देत असतील तर दुसरं लॉज बघा, कारण ढेकूण भिंत मानत नाहीत. बॅग पलंगाखाली किंवा गादीवर न ठेवता खुर्चीवर ठेवा. अंगावर घ्यायला स्वतःची चादर न्या. लॉजच्या सोलापुरी चादरीला काय काय माहीत असतं ते न विचारलेलं बरं. नळ सोडा, फ्लश ओढा, पंखा लावा, चार्जिंगचा प्लग चालतो का बघा. या सगळ्याला पाच मिनिटंही लागत नाहीत.

बाथरूममध्ये गॅसचा गिझर असेल तर वर झरोका उघडा आहे का ते पाहा. झरोका पुठ्ठा लावून बंद केलेला असेल, तर दार उघडं ठेवून बादली भरून घ्या, गिझर बंद करा आणि मगच आंघोळीला आत जा. कोंडलेल्या बाथरूममध्ये गॅस गिझरमधून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, माणूस उभ्याउभ्या कोसळतो, आणि कडी आतून लावलेली असते. सकाळी रूमबॉय बादलीने गरम पाणी आणून देत असेल तर तीच पद्धत सगळ्यात चांगली.

आगीचा विचार करायला हवा. 12 फेब्रुवारी 2019 ला दिल्लीत करोल बागेतल्या एका हॉटेलला पहाटे आग लागली, 17 माणसं गेली. 29 एप्रिल 2025 ला कोलकात्यात बडाबाजारात तशाच मध्यम भाड्याच्या हॉटेलमध्ये 14 गेली. अशा आगीत बहुतेक माणसं भाजून नव्हे, धुराने जातात, बाहेरचा रस्ता न सापडल्याने जातात. महाराष्ट्रात 2006 चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो. पण अरुंद जिन्याचं लॉज रात्री एकला जळायला लागलं की तो दाखला आपल्या कामाचा नाही. म्हणून मी सांगेन, पहिला किंवा दुसरा मजला मागा. दुसरा जिना आहे का विचारा, आणि असेल तर तो खरोखर उघडतो का ते स्वतः जाऊन बघा. गाद्या, रिकामे सिलिंडर, मोडके कूलर रचून तो बंद केलेला बऱ्याचदा सापडेल. आपल्या दारापासून जिन्यापर्यंत मध्ये किती दारं आहेत ती मोजून ठेवा. धुरात लाइट जातात, हाताने चाचपत दारं मोजत जाता येतं. धूर दिसला तर खाली वाकून निघा, लिफ्टकडे जाऊ नका. 101 किंवा 112 ला फोन लावा.

एकट्या जाणाऱ्या बायांना वेगळं काय सांगायचं? वरचं सगळं आहेच. खोली जिन्याच्या टोकाची, गच्चीजवळची घेऊ नका. काउंटरच्या मजल्यावरची मागा. खोलीचा नंबर काउंटरवर मोठ्याने पुकारू देऊ नका, चावी हातात घ्या. रात्री दार वाजलं तर उघडण्याआधी काउंटरला फोन करा. लॉजचं नाव, पत्ता, खोलीचा नंबर घरी पाठवून ठेवा. आरसा, स्मोक डिटेक्टर, चार्जरचा ठोकळा चुकीच्या ठिकाणी बसवलेला वाटला, तर खोली बदला आणि 112 ला सांगा. चोरून चित्रीकरण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे, त्यात लाजायचं काम चित्रीकरण करणाऱ्याचं. महिला हेल्पलाइन 181. आणि घरच्या बाप्यांना विनंती: ती पोचली का एवढं विचारायला एक फोन पुरे. दर अर्ध्या तासाला 'कुठे आहेस?' विचारण्याने ती सुरक्षित होत नाही, तिच्या मोबाइलची बॅटरी तेवढी उतरते.

जेवण लॉजवर मागवू नका, महाग पडतं आणि गार येतं. खाली उतरा. मार्केट यार्डाच्या बाजूला असाल तर हमाल पंचायतीचं 'कष्टाची भाकर' आहे, डॉ. बाबा आढावांनी उभं केलेलं हे काम कष्टकऱ्याला परवडेल अशा दरात पोटभर जेवायला घालतं. खोलीत अनोळखी शेजाऱ्याबरोबर 'बसायचं' मात्र नाही. जमिनीचा दावा जिंकून आलेल्या माणसाला पुण्यात फार लवकर मित्र मिळतात.

निघताना बिल मागा. 22 सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी 5 टक्के आहे. त्याआधी 12 होता. हजाराच्या खोलीवर पन्नास रुपये. अजून कोणी 12 लावत असेल तर विचारा. आणि जीएसटी घेतलाय तर बिलावर पंधरा अक्षर-आकड्यांचा नंबर हवा, महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो. नंबर नाही तर टॅक्स घ्यायचा हक्क नाही. वर्षाला वीस लाखांच्या आतली उलाढाल असलेल्या लहान लॉजला जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही, पण मग त्याने टॅक्सही लावायचा नाही. सर्व्हिस चार्ज न विचारता बिलात घालता येत नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सांगितलं आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उचलून धरलं. डिपॉझिट मोजून परत घ्या. वाद झालाच तर आवाज चढवू नका. बिलाचा फोटो काढा आणि 1915 ला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन करा. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारात जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीला फी लागत नाही.

पुण्यातल्या लॉजमालकांनाही, हे त्यांच्यापर्यंत पोचलंच तर, एक सांगणं आहे. शिरूर, दौंड, इंदापूर, जुन्नर, भोर, वेल्हे इथला माणूस तुमच्या शहरात मजा मारायला येत नाही. कलेक्टर कचेरी, जिल्हा कोर्ट, ससून, सगळं जिल्ह्याचं म्हणून तुमच्याकडे आहे, आणि जिल्ह्याच्या माणसाला त्यासाठी यावंच लागतं. काउंटरवरच्या पोराला 'लोकल' म्हणजे महापालिकेच्या हद्दीतलं, एवढं तरी शिकवा.

आणि आपल्या गावाला एक काम सुचवतो. प्रत्येकजण पुण्याला जातो, प्रत्येकजण नव्याने ठेचकाळतो आणि परत आला की गप्प बसतो. ग्रामपंचायतीत एक वही ठेवू या. पुण्यात मुक्काम करून आलेल्याने तिच्यात लिहावं: लॉजचं नाव, भाग, फोन, टॅक्स धरून दिलेलं भाडं, चेक-आउटचा हिशेब, आणि मुख्य म्हणजे 'जिल्हा पुणे' चाललं का, एकट्या बाईला खोली दिली का. वाईट अनुभवही लिहा, पण घडलं तेवढंच. तांदळी, इनामगाव, सादलगाव, वडगाव रासाई, गणेगाव दुमालाच्या मंडळींनीही तिच्यात भर घालावी, नदीपलीकडच्या नानगाव-पारगावकरांनीही. ज्याची तारीख, परीक्षा किंवा ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे, त्याने निघण्याआधी वही चाळावी, दोन नंबर उतरवून घ्यावेत आणि फोन लावावा. वही आणि पेन आणायला ग्रामपंचायतीच्या ठरावाची वाट पाहू नका. जो पुढच्या वेळी पुण्याहून येईल त्यानेच येताना शंभर पानी वही घेऊन यावी आणि पहिली नोंद स्वतःची करावी.